ईईजीचा रिपोर्ट हातात आल्यावर

चि. मनू,


बंड्याच्या रिपोर्टचे फोटो मिळाले. ‘अॅबनॉर्मल’च्या खाली पेनाने दोनदा ओढलेली रेघ तुझीच, डॉक्टर असं करत नाहीत. माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात मुलांचे ईईजी काढण्यात गेली, आणि अशा रेघा मारलेले कागद घेऊन पुन्हा आमच्या खोलीच्या दारात येणाऱ्या आया मी खूप पाहिल्या. मी डॉक्टर नाही, औषधाबद्दल मी काही सांगितलं तरी ऐकू नकोस. पण हा कागद कसा तयार होतो ते मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून फोनवर अर्धवट बोलण्यापेक्षा लिहायला बसले.

मुलाच्या डोक्याला पेस्ट लावून आम्ही वीसेक तारा चिकटवतो. मेंदूतून कवटीबाहेर पोचणारी वीज इतकी क्षीण असते, की पेन्सिल सेलच्या दीड व्होल्टचे तीस हजार भाग करावेत आणि त्यातला एखादा घ्यावा. मुलाने डोळे मिचकावले, दात आवळले, आईने थोपटलं, तरी रेघा हलतात. म्हणून तर तेल न लावता न्हाऊ घालून आणा, आदल्या रात्री जागवा, असं सांगतात. स्पाइक्स म्हणजे रेघांमधल्या टोकदार उसळ्या, त्या झोपेत जास्त दिसतात. आणि एवढं करून हाती काय येतं, तर अर्ध्या-पाऊण तासाचं रेकॉर्डिंग. एपिलेप्सी असलेल्यांचा पहिला ईईजी जवळजवळ निम्म्या वेळा नॉर्मल येतो. उलट कधीच फिट न आलेल्या शंभर मुलांचे ईईजी काढले, तर दोन-चार जणांत स्पाइक्स सापडतात. 1924 मध्ये जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गरने माणसाचा पहिला ईईजी काढला, स्वतःच्या मुलाच्या डोक्यालाही तारा लावून पाहिल्या, आणि जगाला सांगितलं 1929 मध्ये. एवढी वर्षं तो माणूस रेघांवर विश्वास ठेवावा की नाही, याची खात्री करत होता. तू रिक्षात बसल्या बसल्या गूगल उघडलंस.

आता नीट आठव. डॉक्टरांनी रिपोर्ट किती वेळ पाहिला आणि तुला किती वेळ प्रश्न विचारले? पहाटेची वेळ होती, घशातून गुळगुळ आवाज आला, तोंडाची एक बाजू ओढली गेली, गाल उडत होता, लाळ गळत होती, बंड्या तुझ्याकडे टक्क बघत होता पण बोलता येत नव्हतं. दुसऱ्या वेळी सगळं अंग झटकलं. हे तू सांगितलंस. सात वर्षांच्या, एरवी हुंदडणाऱ्या मुलाबद्दल आईने एवढं सांगितलं, की अनुभवी डॉक्टरच्या मनात रोलांडिक एपिलेप्सीचं नाव येतंच. तोंड, जीभ, घसा यांची हालचाल मेंदूच्या ज्या पट्टीतून चालते, तिच्याच खालच्या भागात ईईजीत स्पाइक्स दिसल्या, त्याही झोपेत वाढलेल्या. म्हणजे कागदाने तुझ्या सांगण्याला दुजोरा दिला. मुख्य साक्ष तुझी होती, आणि पुढेही तुझीच राहणार आहे. एमआरआय साफ आहे हेही बरं झालं. आपल्याकडे मुलांच्या फिटमागे पुष्कळदा टेपवर्मच्या अंड्यांमुळे मेंदूत झालेली गाठ निघते, ती शंका मिटली.

या प्रकारच्या फिट बहुतेक मुलांत वयात येता येता थांबतात. सोळाव्या वर्षापर्यंत औषधही सुटलेलं असतं. म्हणून डोळे मिटून बसायचं असं मात्र नाही. काही मुलांचं वाचन अडखळतं, लक्ष टिकत नाही, शब्द लवकर सुचत नाहीत. बंड्या अभ्यासात मागे पडू लागला, बोलणं कमी झालं, तर ‘आळशी झालाय’ असं म्हणण्याआधी डॉक्टरांना सांग. झोपेतला ईईजी पुन्हा काढायची तेव्हा खरी गरज असते. उगाच धीर वाटावा म्हणून दर तीन महिन्यांनी काढून घेऊ नकोस. त्या स्पाइक्स फिट थांबल्यावरही बराच काळ दिसत राहतात, आणि प्रत्येक वेळी तू पुन्हा रेघ मारत बसशील.

त्यापेक्षा एक दोनशे पानी वही कर. तारीख, वेळ, झोपेत की जागेपणी, कुठून सुरू झालं, डोळे कुठे वळले, किती मिनिटं, नंतर कसा होता. जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ. व्हिडिओ काढताना आपण निर्दय आहोत असं वाटतं. वाटू दे. डॉक्टरांना त्या एका मिनिटात जे दिसतं ते आमच्या मशीनला पुष्कळदा दिसत नाही.

प्रत्यक्ष फिट आली की त्याला कुशीवर वळव, मानेजवळचं बटण सैल कर, डोकं आपटेल असं काही जवळ असेल तर दूर सार. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा, बोट, पाणी, काही म्हणजे काही घालायचं नाही. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडावाटे औषधसुद्धा नाही. आणि घड्याळ बघ. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा नाकातला स्प्रे मारून थेट दवाखाना. तो स्प्रे कपाटात कुलपात ठेवू नकोस, आणि त्यावरची एक्स्पायरी बघत जा.

कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं, हातात किल्ली देणं हे सगळं सासूबाई करणार. त्यांनी त्यांच्या घरात हेच पाहिलंय. फिट बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, त्यामुळे श्रेय कांद्याला मिळतं. वाद घालू नकोस, घड्याळ बघून मिनिटं मोठ्याने सांगायचं काम त्यांच्याकडे दे. हात रिकामे राहिले की माणूस कांदा शोधतो.

जावईबापूंनी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं आणि ते डॉक्टर म्हणाले, औषध न देता थांबून बघता आलं असतं. त्यावरून तुमच्यात दोन दिवस बोलणं नाही, असं ताई म्हणाली. अगं, या प्रकारात दोन्ही पद्धती आहेत. फिट थोड्या आणि झोपेत असतील तर काही डॉक्टर वाट बघतात, काही औषध सुरू करतात. दोघांपैकी कोणीच तुम्हाला फसवलेलं नाही. पण सुरू केलेलं औषध मनाने एकदम बंद केलं, तर आधी कधी आली नव्हती अशी मोठी फिट येऊ शकते. म्हणून एक डॉक्टर ठरवा, दोघांनी मिळून जा, आणि जावईबापूंना त्यांचा प्रश्न स्वतःच्या तोंडाने विचारू दे. या औषधावर मूल चिडचिडं झालं तर तेही सांगायचं असतं, सहन करायचं नसतं.

शाळेत सांगावं की नाही, हे विचारलंस. वर्गशिक्षिकेला आणि पीटीच्या सरांना सांग, कुशीवर कसं वळवायचं ते दाखव, बास. सासूबाईंचं ‘पुढे लग्नात अडचण येईल’ हे बोलणं अगदी हवेतलं नव्हतं. हिंदू विवाह कायद्यात एपिलेप्सी ही लग्नाला आड येणारी गोष्ट म्हणून 1999 पर्यंत लिहिलेली होती. त्या वर्षी दुरुस्ती होऊन ती निघाली. त्यांना हे सांग. आणि बंड्यालाही त्याच्या भाषेत सांग काय होतं ते. मुलांना मोठ्यांच्या कुजबुजीतून जे कळतं, ते खऱ्यापेक्षा फार भयंकर असतं. सायकल, क्रिकेट, वाढदिवस सगळं चालू ठेव. पोहायला मोठं माणूस सोबत हवं, बाथरूमला आतून कडी नको, आणि झोपेची आबाळ नको. एवढंच पथ्य.

एक राहिलं. चिठ्ठीत मात्रा मिलीग्रॅममध्ये आहे आणि तू मला मिलीलीटर सांगितलेस. कंपनी बदलली की एका मिलीलीटरमधलं औषधही बदलू शकतं. आज संध्याकाळी बाटलीच्या लेबलचा आणि सिरिंजचा स्पष्ट फोटो काढून आधी डॉक्टरांना पाठव, त्यांच्याकडून आकडा लिहून घे, आणि तो फ्रिजच्या दारावर चिकटव, म्हणजे तू नसताना कोणीही बरोबर देईल.

तुझी,
मावशी