नेटवर्कवर पत्ता कोण देतं?

लॅपटॉप वायफायला जोडला की दोन-चार सेकंदांत नेट सुरू. तेवढ्यात मशीनला आयपी अ‍ॅड्रेस मिळालेला असतो. तो वाटणारी पद्धत म्हणजे डीएचसीपी.

पूर्वी हा पत्ता प्रत्येक मशीनवर हातानं टाकत. दोघांना एकच पत्ता पडला की दोघांचीही बोंब! १९८५ मध्ये बूटपी आला. पण त्यात कुणाला कुठला पत्ता द्यायचा, याची यादी आधीच करावी लागे. १९९३ मध्ये डीएचसीपी आला आणि ती कटकट संपली.

काम चार निरोपांत होतं. नव्या मशीनला सर्व्हर कुठं आहे हेच ठाऊक नसतं, म्हणून ते सगळ्यांना ओरडून विचारतं, "पत्ता देणारं कुणी आहे का?" (डिस्कव्हर). सर्व्हर म्हणतो, "१९२.१६८.१०.५७ घे" (ऑफर). मशीन म्हणतं, "हाच द्या" (रिक्वेस्ट). सर्व्हर म्हणतो, "दिला, आठ तासांसाठी" (अ‍ॅक). व्हायवासाठी लक्षात ठेवा: 'डोरा'.

पत्ता भाड्यानं मिळतो, कायमचा नाही. निम्मी मुदत संपली की मशीन ती वाढवून मागतं. /२४ च्या नेटवर्कमध्ये जास्तीत जास्त २५४ पत्ते असतात. मुदत आठवड्याची ठेवली, तर येऊन गेलेल्या पाहुण्यांचे मोबाइलही पत्ते अडवून बसतात.

आता खरी गोम. 'ऑफर' देणारा खरा सर्व्हर आहे का, हे मशीन तपासत नाही. बहुधा जो आधी उत्तर देतो, त्याचंच ते ऐकतं. मागच्या सेमिस्टरला, परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या रात्री, आमच्या मजल्यावर कुणीतरी घरचा राउटर लॅन पोर्टमधून भिंतीतल्या सॉकेटला जोडला. तोही पत्ते वाटू लागला, आणि गेटवे म्हणून स्वतःचाच पत्ता सांगू लागला. वायफायचे कांडे पूर्ण, पण पान एक उघडेना! आम्ही 'आयपीकॉन्फिग /ऑल' दिलं, तर डीएचसीपी सर्व्हरपुढे भलताच पत्ता. मग खोल्या धुंडाळून वायर काढली. फॉर्म रात्री पावणेबाराला गेले.

यावर उपाय आहे. स्विचवर 'डीएचसीपी स्नूपिंग' चालू केलं, की ठरवून दिलेल्या पोर्टखेरीज इतर कुठूनही आलेली 'ऑफर' स्विच अडवतो. आणि आपण एवढं पाळायचं: राउटर आणलाच, तर आधी नेटवर्क सांभाळणाऱ्यांना विचारा, आणि वायर वॅन पोर्टातच लावा. पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर समजा, कुणीच उत्तर दिलेलं नाही. आधी वायर बघा, मग तक्रार करा.