भिंत आधी, चित्र नंतर

कोल्हापूरची चित्रपरंपरा मुख्यतः वास्तवदर्शी आहे. आबालाल रहिमान (निधन १९३१) यांनी रंकाळा, कोटितीर्थ आणि पंचगंगेचा परिसर निरखून केलेली निसर्गचित्रे, बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांची चित्रे, शिल्पे आणि चित्रपटांसाठी रंगवलेली पोस्टरे, तसेच चंद्रकांत मांडरे यांची निसर्गचित्रे, जी आज राजारामपुरीतील त्यांच्या नावाच्या कलासंग्रहालयात पाहावयास मिळतात, यांमधून येथील प्रेक्षकाची नजर घडत आली. या नजरेला समोरचे चित्र कशाचे आहे हा प्रश्न प्रथम पडतो. आणि अमूर्त चित्राला तो प्रश्न विचारता येत नसल्यामुळे अशा चित्राला कोणतीच कसोटी नाही, ते कोणालाही, कशावरही आणि कसेही करता येते, असा समज सहज रूढ होतो. घरसजावटीसाठी स्वतःच्या हाताने अमूर्त चित्रे, पोत दिलेल्या भिंती आणि टाकाऊ लाकडाच्या वस्तू करण्याची हौस गेल्या काही वर्षांत वाढली आहे. तिच्यात होणारी बहुतेक फसगत या समजातून सुरू होते आणि पहिल्या पावसाळ्यात उघड होते.

अमूर्त चित्र म्हणजे ओळखीची वस्तू न दाखवता रंग, आकार, रेषा, पोत आणि त्यांच्यातील मोकळ्या जागा यांच्याच आधारावर उभे राहणारे चित्र होय. या प्रकारात भारतीय चित्रकारांपैकी ज्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते ते वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) नागपुरात जन्मले आणि मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकले. रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग पसरण्याची व खरवडण्याची बोथट सुरी, यांच्या साहाय्याने ते रंगाचे थर चढवीत आणि उतरवीत असत. त्यांची चित्रे वर्षाकाठी मोजकीच पूर्ण होत, आणि २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा पाहणाऱ्यांना प्रामुख्याने दिसली ती थरांवरची ही हुकमत. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांची चित्रे पूर्णतः अमूर्त म्हणता येत नाहीत. तथापि, विणकर सेवा केंद्रात वस्त्रांच्या आकृतिबंधांवर काम केलेल्या या चित्रकाराने दारे-खिडक्यांसाठी वापरला जाणारा एनॅमल रंग कॅनव्हासवर ज्या काटेकोरपणे हाताळला, त्यावरून साधन साधे असले तरी शिस्त साधी नसते हे ध्यानात येते.

या उदाहरणांतून निघणारा मुद्दा घरगुती कामालाही लागू पडतो. निसर्गचित्राच्या कोपऱ्यात डाग पडला तरी त्यातील झाड हे झाडच राहते आणि पाहणाऱ्याची नजर डाग वगळून चित्र वाचते. अमूर्त चित्रात मात्र दाखवलेली वस्तूच नसल्याने पृष्ठभाग हाच विषय असतो, आणि त्यावर आलेला फोड, भेग किंवा बुरशीचा ठिपका चित्राचाच भाग होऊन बसतो. म्हणून वास्तवदर्शी चित्रापेक्षा अमूर्त चित्राला पृष्ठभागाची तयारी अधिक लागते.

ओलीची परीक्षा

प्रस्तुत लेखकाच्या घरातील नैऋत्येकडील भिंतीचा अनुभव येथे नमुन्यादाखल नोंदवण्याजोगा आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस आणि लाकूडकामाचा पांढरा गोंद एकत्र करून केलेला जाड लेप या भिंतीवर उन्हाळ्यात चढवण्यात आला, त्यात कंगव्याने व थापीने पोत काढण्यात आला आणि वर अॅक्रिलिक रंग देण्यात आला. पावसाची झड लागल्यावर लेपाखाली फुगवटे आले आणि रंगाचे पोपडे सुटू लागले. त्यावर उपाय म्हणून चढवलेल्या तेलरंगाच्या थराने ओल आतच कोंडली गेली, ती बाजूच्या कोरड्या भागाकडे सरकली आणि शेवटी खराब झालेले क्षेत्र मूळच्यापेक्षा मोठे झाले. दोष रंगसंगतीचा किंवा कल्पनेचा नव्हता. भिंतीच्या बाहेरील गिलाव्याला केसासारख्या बारीक भेगा होत्या, आणि त्या बुजवण्याआधी आतील बाजू सजवण्यात आली होती.

कोल्हापुरात पाऊस नैऋत्य व पश्चिम दिशांनी येतो, त्यामुळे या बाजूंच्या भिंती सजावटीसाठी सर्वांत जोखमीच्या ठरतात. न्हाणीघराला लागून असलेली भिंत, गच्चीखालचा छताजवळचा पट्टा आणि जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंतचा भाग यांचीही गणना त्यांतच करावी लागते, कारण पायातील ओल दगड-विटांमधील सूक्ष्म छिद्रांतून वर चढते आणि तिच्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागावर पांढऱ्या भुकटीच्या रूपात जमतात. यालाच भिंतीला लोणा लागणे म्हणतात, आणि लोणा लागलेल्या भिंतीवर कोणताही लेप टिकत नाही.

ओलीचे मूळ शोधण्याची एक सोपी परीक्षा आहे. साधारण एक फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवावा. तुकड्याच्या भिंतीकडील बाजूस दव जमल्यास ओल भिंतीतून येत आहे असे समजावे; खोलीकडील बाजूस जमल्यास हवेतील दमटपणा हे कारण मानावे. पहिल्या स्थितीत गवंड्याचे काम आधी आणि चित्राचे काम नंतर हा क्रम मोडू नये. दुसऱ्या स्थितीत हवा खेळती ठेवल्याने बराच फरक पडतो. नव्या सिमेंट गिलाव्यावर तर किमान महिनाभर काहीच चढवू नये, कारण त्यातील अल्कली तेलरंगाचा बंध तोडते आणि रंग मऊ, चिकट होऊन सुटतो.

भिंत कोरडी ठरल्यावरही जुना रंग खरवडण्याची घाई टाळावी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असे बंधन भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या तेलरंगांच्या थरांत, विशेषतः जुन्या दारे-खिडक्यांवर, शिसे असण्याची शक्यता गृहीत धरावी. असा रंग कोरडा घासल्यास उडणारी धूळ लहान मुलांच्या व गर्भवतींच्या दृष्टीने घातक असते. म्हणून पृष्ठभाग ओला करूनच घासावा, तोंडाला धूळ रोखणारा मास्क लावावा आणि जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी.

चित्राचा आधार

भिंतीवर थेट काम करण्यापेक्षा सुट्या फलकावर किंवा कॅनव्हासवर काम करणे कोल्हापूरच्या हवेत अधिक शहाणपणाचे आहे, कारण पावसाळ्यात ते उतरवून ठेवता येते आणि भिंतीची दुरुस्ती चित्र न गमावता करता येते. फलकांपैकी एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदात दाबून केलेला सपाट फलक, स्वस्त व गुळगुळीत असतो; परंतु त्याच्या कापलेल्या कडा पाणी शोषतात, फुगतात आणि पुन्हा मूळ आकारात येत नाहीत, यासाठी कडांवर प्रायमरचे दोन हात आवर्जून द्यावेत. हार्डबोर्डला केवळ समोरून रंग दिल्यास तो वाकतो, म्हणून मागील बाजूसही तेवढेच लेपन करावे. कॅनव्हासवर जेसो, म्हणजे कापड व रंग यांच्यामध्ये द्यावयाचे पांढरे अस्तर, पातळ थरांत आणि प्रत्येक थर वाळल्यावरच द्यावे. जाड पोत हवा असल्यास तो एका वेळी न थापता दोन-तीन थरांत चढवावा, अन्यथा वरचा पापुद्रा आधी सुकतो, आतला भाग नंतर आकसतो आणि भेगा पडतात.

अॅक्रिलिक रंग त्यातील पाणी उडाल्याने वाळतो; जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ही क्रिया मंदावते आणि वरून कोरडी भासणारी चित्रे एकमेकांवर ठेवल्यास चिकटतात. एपॉक्सी रेझिन, म्हणजे दोन द्रव मिसळून घट्ट होणारा काचेसारखा लेप, याची अडचण वेगळी आहे. दमट हवेत त्याच्यावर तेलकट, धुरकट साय येते. दोन्ही द्रवांचे प्रमाण चुकल्यास तो कायमचा चिकट राहतो. आणि एका भांड्यात मोठ्या प्रमाणात मिसळल्यास तो धूर निघेपर्यंत तापू शकतो. शिवाय कच्च्या रेझिनच्या वारंवार स्पर्शाने त्वचेला कायमची अॅलर्जी जडू शकते, त्यामुळे नायट्राइलचे हातमोजे आणि उघड्या खिडक्या या अटी प्रत्येक वेळी पाळाव्यात व स्वयंपाकघरात हे काम करू नये.

टाकाऊ लाकडाचा मोह

शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींमुळे कोल्हापुरात मालवाहतुकीच्या लाकडी पॅलेटांच्या फळ्या भंगारात मिळतात आणि त्यांपासून भिंतीवरील मांडण्या किंवा चौकटी करण्याचा प्रघात पडला आहे. आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी वापरलेल्या लाकडावर कीडनाशक प्रक्रियेचा शिक्का असतो. त्यावरील एचटी या अक्षरांचा अर्थ लाकूड गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवले असा होतो, तर एमबी ही अक्षरे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दर्शवतात. दुसऱ्या शिक्क्याचे, तसेच तेल मुरलेले किंवा शिक्काच नसलेले लाकूड घरात आणू नये. निवडलेली फळीही उन्हात वाळवून, खिळे काढून आणि वाळवीची पोखरण तपासूनच वापरावी.

मायक्रोवेव्ह भट्टीतील ट्रान्सफॉर्मर काढून उच्च दाबाच्या विजेने लाकडावर झाडाच्या फांद्यांसारख्या जळक्या रेषा उमटवण्याचा जो प्रकार हौशी मंडळींत पसरला आहे, तो कोणत्याही खबरदारीने सुरक्षित होत नाही. त्यात अनेकांचे प्राण गेले असून अमेरिकेतील कातारी कारागिरांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत त्यास मनाई केली आहे. हा प्रकार पूर्णपणे वर्ज्य समजावा.

टांगणी आणि जागा

चित्र टांगताना भिंत कशाची आहे याचा विचार प्रथम करावा. पेठांमधील जुन्या घरांच्या मातीच्या भिंतींत खिळा धरत नाही आणि ठोकताना गिलाव्याचे खपले निघतात, म्हणून अशा घरांत लाकडी तुळईला किंवा भिंतीच्या वरच्या कडेने बसवलेल्या पट्टीला दोरी बांधून चित्र सोडावे. नव्या इमारतींतील हलक्या सिमेंटच्या ठोकळ्यांना साधा प्लग पुरत नाही, त्यांच्यासाठीचे वेगळे प्लग घ्यावे लागतात. विजेच्या बटणांच्या सरळ वर किंवा खाली छिद्र पाडू नये, कारण तारा बहुधा त्याच रेषेत गेलेल्या असतात. चौकटीच्या मागील खालच्या दोन कोपऱ्यांवर बुचाचे किंवा रबराचे तुकडे चिकटवल्यास चित्र आणि भिंत यांच्यात हवा खेळती राहते व बुरशीला आळा बसतो. चित्राची पाठ प्लास्टिकने बंद करण्याची सवय मात्र उलट परिणाम करते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरील ४३ फुटांची धोक्याची पातळी फार मागे टाकली, हे लक्षात घेता नदीकाठच्या भागांत राहणाऱ्यांनी कागदावरील व कापडावरील कामे काढता येतील अशीच लावावीत आणि पावसाळ्याच्या तोंडावर वरच्या मजल्यावर हलवावीत. पुराचे पाणी शिरलेल्या भिंतीवर सजावट करण्याआधी किमान एक उन्हाळा मध्ये जाऊ द्यावा.

वाकळेचा धडा

कोल्हापूर भागातील घरांना अमूर्त रचना सर्वस्वी परकी आहे असे मानण्याचे कारण नाही. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे तुकडे एकावर एक बसवून, समांतर धावदोऱ्याने शिवलेली वाकळ ही घरातच घडणारी रचना असून तिच्यात रंगांचे वजन, कडेची चौकट आणि मधला विसावा यांचा निर्णय शिवणारी स्त्री हातातील चिंध्यांच्या मर्यादेत घेत असते. ज्यांना रंगाने सुरुवात करण्याची धास्ती वाटते, त्यांनी कापडाचे तुकडे जमिनीवर मांडून, दोन-तीन रंगांपुरते थांबून रचना हलवत पाहावी. गोंद किंवा सुई त्यानंतरच हातात घ्यावी. कापडी काम धुता येते, उन्हात घालता येते, पडले तरी फुटत नाही आणि ओलसर भिंतीपासून सहज दूर ठेवता येते. लोकरीच्या घोंगडीचा असा उपयोग करणाऱ्यांनी मात्र कसर लागू नये म्हणून ती वरचेवर झटकून उन्हात घालावी.

यावरून घरातील कामाचे वेळापत्रकही ठरवता येते. पावसाळ्यात भिंतींचे निरीक्षण करून ओलीच्या जागा खडूने आखून ठेवाव्यात. दिवाळीनंतर बाहेरील भेगा आणि गच्चीची दुरुस्ती उरकावी. फेब्रुवारी ते मे या कोरड्या काळात अस्तर, लेप व रंग यांची कामे करावीत. आणि मृग लागण्यापूर्वी सुटी चित्रे तपासून त्यांच्या पाठी पुसून घ्याव्यात. पावसाळ्यात हात रिकामे ठेवावेत असा याचा अर्थ नाही. कागदावरचे कच्चे आराखडे, कापडाची मांडणी आणि शाहू स्मारक भवनासारख्या ठिकाणी भरणारी प्रदर्शने जवळून पाहणे यांसाठी तो काळ योग्य आहे. खर्चाची वाटणीही याच क्रमाने करावी. हातातील रक्कम मर्यादित असल्यास तिचा मोठा हिस्सा गवंडी आणि प्रायमर यांवर खर्च करून उरलेल्या पैशांत एकच चित्र करावे, कारण कोरड्या भिंतीवर नको वाटणारे चित्र केव्हाही बदलता येते, परंतु ओल्या भिंतीवर मनाजोगते उतरलेले चित्र मात्र राखता येत नाही.