घाटात ब्रेक मऊ का झाला?

एका जुन्या अ‍ॅम्बॅसडर मोटारीतून आम्ही घाट उतरत होतो. अर्ध्या घाटात ब्रेकचे पेडल एकाएकी मऊ झाले व तळापर्यंत गेले. तारेने चालणारा हँडब्रेक आणि पहिला गिअर यांमुळे आम्ही वाचलो. तासाभराने पेडल आपोआप पूर्ववत कडक झाले! पुढे पुढची चाके खोलली, तेव्हा या कोड्याचा उलगडा झाला.

या मोटारीला मागे पोलादी पाटे असतात; पुढे मात्र प्रत्येक चाकाच्या खालच्या भुजेला एक लांब पोलादी दांडा जोडलेला असतो. चाक वर उचलले की तो पिळला जातो. जितका पीळ अधिक, तितका विरोध अधिक. हा हुकचाच नियम. पिळात ऊर्जा साठलेली असल्याने मिस्त्रीने भुजेला आधार देऊन पीळ उतरवला, मगच बोल्ट सैल केले.

ब्रेक दाबताच मोटारीचे नाक खाली झुकते. म्हणजेच पुढच्या चाकांवरील भार वाढतो. म्हणून थांबविण्याचे अधिक काम, आणि अधिक उष्णताही, पुढच्या ब्रेककडे येते.

ही उष्णता किती? १२०० किलोग्रॅमची मोटार ३०० मीटर खाली उतरली, तर

१२०० × ९.८ × ३०० = सुमारे ३५ लाख जूल

ऊर्जा मुक्त होते. तेवढ्या उष्णतेने २०° से. तापमानाचे दहा लिटर पाणी उकळू लागेल! खालच्या गिअरमध्ये उतरल्यास यातील बराच वाटा इंजिन पेलते. आम्ही मात्र ब्रेकवरच उतरत होतो.

पेडलचा दाब पास्कलच्या नियमानुसार द्रवातून चाकांपर्यंत पोहोचतो. हा द्रव हवेतील बाष्प शोषतो. 'डॉट ३' प्रकारच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५° से. असावा लागतो, सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४०° से. धरतात. आमचा द्रव वर्षानुवर्षे बदललेला नव्हता. तो उकळला, नळीत वाफ झाली. वाफ दाबली जाते, द्रव जवळजवळ दाबला जात नाही. गळती असती, तर पेडल पुन्हा कडक झाले नसते. थंड होताच वाफेचा द्रव झाला, म्हणून ते झाले.

करून पाहा: बिनसुईच्या दोन पिचकाऱ्या नळीने जोडून पाण्याने भरा. एक दाबताच दुसरीचा दट्ट्या सरकेल. आता नळीत हवेचा बुडबुडा ठेवा, दुसरा दट्ट्या बोटाने अडवा आणि पहिला दाबा. काय फरक जाणवतो?