जिनिंग बंद पडली तर हातात काय येते, आणि ते मिळवायला खर्च किती

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने आयात कापसावरचे 11 टक्के शुल्क उठवले आणि ती सवलत पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. ऐन वेचणीच्या तोंडावर. कापसाच्या भावावरून ओरड झाली, व्हायलाच हवी होती. पण बाहेरची रुई स्वस्त पडते म्हणून गाठी गोदामात अडकल्या आणि जिनिंगचे रोलर थांबले, तर रोलरपाशी उभ्या माणसाचे काय, हा प्रश्न मागेच राहिला. पिंगळीतून परभणी-मानवतकडच्या जिनिंगवर कामाला जाणाऱ्यांसाठी हा हिशेब.

आयातीमुळे काम गेले म्हणून सरकारने द्यावा असा वेगळा पैसा आपल्याकडे नाही. अमेरिकेत 1962 पासून तशी योजना होती. 1 जुलै 2022 पासून तिथेही नवे अर्ज घेणे थांबले. आपल्याकडची त्यातल्या त्यात जवळची म्हणजे 1986 ची वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना. बंद गिरणीच्या कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50, तिसऱ्या वर्षी 25. एप्रिल 2017 पासून ती इएसआयसीच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन झाली. या योजनेत कारखाना बंद पडल्यास किंवा कपात झाल्यास पहिले 12 महिने निम्मा पगार, पुढचे 12 महिने पाव पगार आणि घरच्यांसह औषधोपचार मिळतात. किमान 2 वर्षे वर्गणी भरलेली हवी.

जिनिंगवाल्यांचे घोडे नेमके इथेच अडते. फक्त जिनिंग-प्रेसिंग करणारा कारखाना कायद्याने ‘हंगामी’ ठरतो आणि हंगामी कारखाना इएसआयसीच्या बाहेर असतो. सूतगिरणीच्या कामगाराला जो भत्ता मिळतो, तो त्याच गिरणीला रुई पुरवणाऱ्या जिनिंगच्या कामगाराला नाही. मला हे सरळसरळ अन्यायाचे वाटते. मात्र त्याच आवारात सरकीची तेल मिल वर्षभर चालत असेल, तर इएसआयसीच्या शाखेत एकदा जरूर विचारा. पगाराच्या चिठ्ठीवर ‘इएसआय’ कपात दिसत असेल तर प्रश्नच नाही, हक्क आहे. विचारायला पैसे पडत नाहीत.

आता मालकाकडून येणे काय ते पाहू. बारमाही फिटर धरा, पगार 13,000, नोकरी 12 वर्षे. कपातीची भरपाई वर्षाला 15 दिवसांची, म्हणजे ढोबळ मानाने 78,000. नोटीस दिली नसेल तर महिन्याचा पगार, 13,000. ग्रॅच्युइटीसाठी पगार भागिले 26 गुणिले 15 गुणिले वर्षे, म्हणजे 90,000. शिवाय 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत नवे कौशल्य शिकण्यासाठी 15 दिवसांचा पगार आहे, साधारण 6,500. तो मालकाने भरायचा आणि कपातीपासून 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात यायचा. सगळे मिळून एक लाख 87 हजार 500. पीएफ वेगळा.

हंगामी बाईमाणसाचा हिशेब तुटपुंजा, पण शून्य नाही. हंगामी कारखान्यात ग्रॅच्युइटी दर हंगामाला 7 दिवसांच्या मजुरीची. रोज 400 रुपये आणि 10 हंगाम असतील तर 28,000. अट अशी की कारखाना जितके दिवस चालला त्यातले 75 टक्के दिवस कामावर भरलेले हवेत आणि अशी किमान 5 वर्षे. हजेरी मुकादमाच्या वहीत असते आणि वही मुकादमाच्या पिशवीत. म्हणून दर आठवड्याला हजेरीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चुकाऱ्याच्या दिवशी उचल वळती करून घेतली की वही मिटते, मग ती कुणाला दिसत नाही.

मालक म्हणेल, विदेशी रुईने मारले, माल पडून आहे, परिस्थिती हाताबाहेरची. कारखाना खरोखर अपरिहार्य कारणाने बंद झाला तर भरपाईला तीन महिन्यांच्या सरासरी पगाराची मर्यादा पडते, हे खरे. पण नुसता तोटा किंवा न खपलेल्या मालाचा साठा हे अपरिहार्य कारण नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. जुन्या कायद्यात होते, नव्या संहितेतही आहे. हे वाक्य तोंडपाठ असू द्या.

आणि राजीनाम्यावर सही करू नका. ‘सही कर, हिशेब लवकर करतो’ म्हणतात. त्या सहीने कपातीची भरपाई जाते आणि इएसआयसीचा भत्ताही. कोऱ्या कागदाचे तर नावच नको.

मिळवण्याचा खर्च? कायद्याने जवळपास नाहीच. पीएफचा अर्ज ऑनलाइन, फुकट. आधार, बँक खाते आणि यूएएन जुळलेले हवे. काम सुटल्यावर 75 टक्के लगेच आणि उरलेले वर्षभराने, असे विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर 2025 मध्ये ठरवले. नोकरी 5 वर्षांपेक्षा कमी आणि रक्कम 50,000 च्या वर असेल तर कर कापला जातो, तेव्हा पॅन जोडा. नेटकॅफेवाल्याला टायपिंगचे पैसे द्या, टक्केवारी देऊ नका.

पीएफचे ऑनलाइन निभते. मालकाशी वाद असेल तर परभणीच्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. फी नाही. पोच घ्या, शिक्क्याची. काम गेल्यापासून दोन वर्षांच्या आत हे व्हायला हवे. वकील लागला तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा: 1987 च्या कायद्याने औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो, बाया आणि अनुसूचित जाती-जमातींनाही, उत्पन्नाचा दाखला न मागता. प्रतिज्ञापत्राला 500 चा बाँड आणायला कुणी सांगितले, तर सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, हे सांगा. साधा कागद चालतो. उरतो तो झेरॉक्सचा, फोटोचा आणि पिंगळी-परभणी येण्याजाण्याचा खर्च, आणि बुडालेल्या रोजाचा. तो रोज वाचवायचा तर चौघांनी मिळून एकच तक्रार द्या आणि पाळीपाळीने एकाने जात जा.