नुसती शिंक आली तरी धडधडतं

प्रश्न : आमच्या सोसायटीत दोघांना स्वाइन फ्लू झालाय. सात वर्षांचा मुलगा नुसता शिंकला तरी माझ्या छातीत धडधडतं. रात्री उठून उठून त्याचा ताप पाहते. काय करू?
– एक आई, पुणे

उत्तर : ताई, ऑगस्ट २००९ मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यातच झाला. तो धसका अनेकांच्या मनात अजून आहे. तुमची भीती मला अवाजवी वाटत नाही. पण तेव्हाचा नवा विषाणू आता दरवर्षीच्या फ्लूचाच भाग झाला आहे. त्यावर लस आहे, औषधही आहे.

मूल बरं असताना रात्री ताप मोजणं बंद करा. तपासलं की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं आणि म्हणूनच पुन्हा तपासावंसं वाटतं. काळजी अशीच वाढत जाते. त्याऐवजी धोक्याची लक्षणं कागदावर लिहून ठेवा : धाप लागणं, ओठ निळसर होणं, पाणीही न पिणं, उतरलेला ताप पुन्हा चढणं. यातलं काही दिसलं, तर लगेच डॉक्टरांकडे जा. सोसायटीच्या ग्रुपवरचे मेसेज दिवसातून एकदाच पाहा. तरीही झोप लागत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर जरूर बोला.