अंगणातील दिवे आणि घरातील होल्डर

सन २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा होऊन अस्तित्वात आलेल्या पांढुर्णा जिल्ह्याच्या पांढुर्णा व सौंसर या तालुक्यांत पोळ्यापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचा काळ सणांचा असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार भरते, पाठोपाठ गणपती येतात आणि दिवाळीत घरोघरी आकाशकंदील व दिव्यांच्या माळा लागतात. जुन्या घरांत ओसरीबाहेर प्लगची सोय बहुधा नसते. मग ओसरीतील बल्ब काढून होल्डरमध्ये ॲडॉप्टर बसवावयाचा आणि तेथून तार अंगणात न्यावयाची, हा उपाय रूढ आहे. तो सर्वस्वी त्याज्य नाही. मात्र त्याच्या मर्यादा जाणून घेणे अगत्याचे आहे.

“माळ अवघी पाच वॅटची, तिने काय होणार?” असे सहज म्हटले जाते. वीजबिलापुरते ते खरे आहे. २३० व्होल्टवर अशी माळ सुमारे २२ मिलिअँपिअर प्रवाह घेते. साधारण होल्डर दोन अँपिअर सोसतो. तेव्हा एकदोन माळांनी तो तापण्याचे कारण नाही. परंतु फेजची तार उघडी पडल्यास तिच्यावरील दाब २३० व्होल्टचाच असतो. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या माणसाच्या शरीरातून किती प्रवाह जाईल, हे माळेच्या वॅटवर ठरत नाही. शंभर मिलिअँपिअरच्या आतबाहेरचा प्रवाहही प्राण घेऊ शकतो. त्याने पाच अँपिअरचा फ्यूज उडतही नाही.

होल्डरला अर्थिंग नसते. शिवाय ॲडॉप्टर दोन्ही बाजूंनी बसतो, त्यामुळे माळेच्या कोणत्या तारेत फेज आला हे सांगता येत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटन चुकून न्यूट्रलवर असल्यास बटन बंद करूनही होल्डर जिवंत राहतो. म्हणून माळ लावताना वा काढताना मेन स्विचच बंद करावा, आणि बटनाची जोडणी वायरमनकडून एकदा तपासून घ्यावी.

सर्वांत घातक सवय म्हणजे कपडे वाळविण्याच्या लोखंडी तारेवर माळ गुंडाळणे. आवरण जेथे घासले जाते तेथून वीज त्या तारेत उतरते, आणि सकाळी ओले धुणे टाकणाऱ्या गृहिणीला तिचा सुगावाही नसतो. पत्र्याचे छप्पर व खिडकीचे गज यांनाही हेच लागू आहे. माळ सुतळीवर किंवा नायलॉनच्या दोरीवर टांगावी.

उत्तम मार्ग असा की, बारा व्होल्टची माळ घ्यावी. तिचा ट्रान्सफॉर्मर आयएसआय चिन्हाचा असावा, तो ओसरीच्या आत कोरड्या जागी होल्डरच्या ॲडॉप्टरला जोडावा आणि केवळ बारा व्होल्टची तार प्लॅस्टिकच्या नळीतून बाहेर काढावी. जोड अंगणात ठेवू नये. चिकटपट्टी पावसाला दाद देत नाही.

घरात तीस मिलिअँपिअरचे ईएलसीबी बसविल्यास जमिनीकडे गळणारा प्रवाह क्षणार्धात तोडला जातो. होल्डरला अर्थिंग नसले तरी ते हे काम करते. दोन्ही तारा एकाच वेळी हातात आल्यास मात्र त्याचा उपयोग नाही. त्याचे चाचणीचे बटन महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

तुळशीच्या लग्नानंतर कंदील उतरतो, तार तशीच लोंबत राहते. उन्हाळ्यात तिचे आवरण तडकते आणि पुढील पोळ्याला तीच तार पुन्हा जोडली जाते. ती कंदिलाबरोबरच उतरवावी, आणि तडकलेली आढळल्यास सांधत न बसता टाकून द्यावी.