काचबिंदू : खळग्याचे मोजमाप आणि दृष्टीचे रक्षण

आपल्या खानदेशात मोतीबिंदू घरोघरी ठाऊक आहे. काचबिंदू मात्र त्याचाच धाकटा भाऊ समजला जातो. हा समज घातक आहे. मोतीबिंदूत गढूळ झालेले भिंग काढून नवे बसविता येते. काचबिंदूत मेंदूकडे जाणारी दृष्टिचेताच झिजते; गेलेली दृष्टी परतत नाही, उरलेली तेवढी राखता येते. बहुतेक रुग्णांना आरंभी वेदनाही होत नाहीत. समोरचे स्पष्ट दिसत असते, बाजूची नजर नकळत ओसरते.

मग तो वेळेत कळावा कसा? दृष्टिपटलावरील सुमारे दहा लाख चेतातंतू एका चकतीतून डोळ्याबाहेर पडतात. डॉक्टर तिला ‘ऑप्टिक डिस्क’ म्हणतात. तिच्या मध्यभागी खळगा व भोवती तंतूंची कड असते. तंतू मरू लागले की कड झिजते, खळगा वाढतो. खळग्याच्या उभ्या उंचीला चकतीच्या उंचीने भागले की गुणोत्तर मिळते. ते ०.७ च्या आसपास गेले, अथवा दोन डोळ्यांत ०.२ चा फरक आढळला, तर संशय घ्यावा.

परंतु केवळ गुणोत्तर फसवू शकते. समजा, एक चकती २.२ मिलीमीटर उंच व खळगा १.३, गुणोत्तर ०.५९. दुसरी चकती १.३ व खळगा ०.७, गुणोत्तर ०.५४. दुसरा डोळा अधिक निरोगी वाटतो. पण पहिल्याची कड वर-खाली सरासरी ०.४५ मिलीमीटर आहे, दुसऱ्याची अवघी ०.३. म्हणून चकतीचा आकारही मोजावा लागतो.

या ज्ञानाचा इतिहास बोधप्रद आहे. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रदर्शक यंत्र प्रसिद्ध केले. त्यातून पाहून फॉन ग्रेफे यांच्यासारख्या थोर नेत्रतज्ज्ञालाही हा खळगा प्रथम फुगवटा वाटला. पुढे काही वर्षांतच तो समज दुरुस्त झाला. नावाच्या मोठेपणापेक्षा फेरतपासणी मोठी ठरली. आपल्या महाराष्ट्रातही २००६ ते २००९ या काळात नागपूरजवळच्या आठ खेड्यांत तिशीवरील ४,७११ ग्रामस्थांचे डोळे तपासले गेले. त्या अभ्यासात चकतीचेही मोजमाप झाले. हे शास्त्र शहरापुरते नाही, हे त्यावरून दिसते.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे. चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तर मोजून घ्यावाच. पण तो योग्य असूनही काचबिंदू असू शकतो, म्हणून बाहुली मोठी करून मागचा पडदाही तपासून घ्यावा. आई-वडील वा भावंडांपैकी कोणाला हा विकार असेल, तर चालढकल करू नये. शेतात वा जिनिंगमध्ये डोळ्यांत कचरा गेला म्हणून दुकानातून परस्पर आणलेले थेंब महिनोन् महिने घालू नयेत; त्यात स्टेरॉइड असल्यास डोळ्यातील दाब वाढू शकतो. आणि चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले, असे कोणीही मानू नये.

आम्ही वर्गात अक्षरे शिकवितो. ती वाचणारी दृष्टी घराघरांत शाबूत राहावी, हेही शिक्षणाचेच कार्य आहे.